खरखर सेटची की शिवाराची?

या महिन्यात जुन्या सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे जवळपासच्या अंतरावर आपसांत बोलायच्या) रेडिओ सेटविषयी इतकी पत्रे आली आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे मी ठरवले. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण इतर तक्रारींची मुळेही बहुतेक त्यातच सापडतात.

प्रश्न : आमचे घर गावठाणात आहे आणि शेतावरचा आखाडा तिथून ४ किलोमीटरवर, बालाघाटच्या रांगेतल्या एका खोलगट जागी आहे. आखाड्यावर मोबाइलला रेंज नसल्याने मी जुन्या बाजारातून ४० चॅनेलचे दोन वापरलेले सीबी सेट आणले. माझे बोलणे तिकडे थोरल्या भावाला स्वच्छ ऐकू येते, परंतु घरच्या सेटवर सगळ्याच चॅनेलांवर इतकी खरखर आहे की त्यांचे बोलणे तिच्यात बुडून जाते. कोणी बोलत नसतानाही संकेताची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा सातवर उभा असतो. स्क्वेल्च (क्षीण संकेत असताना स्पीकर बंद ठेवणारे बटण) वाढवला की खरखरीबरोबर भावाचा आवाजही बंद होतो. सेट आणला तेव्हा हा त्रास कमी होता, दिवाळीनंतर तो वाढला. तालुक्याच्या मेकॅनिकने सेट न उघडताच ‘पुढचा ट्रान्झिस्टर गेला आहे, १,५०० रुपये लागतील’ असे सांगितले. सेट घरच्या लाइटवर १२ व्होल्टच्या अडॅप्टरने चालतो. हा खर्च करावा का?
— एक शेतकरी वाचक, गंगाखेड तालुका, जि. परभणी

उत्तर : आपण हा खर्च तूर्त करू नये. आपल्या पत्रातच त्या निदानाविरुद्धचा पुरावा आहे. ॲन्टेनाकडून आलेला क्षीण संकेत सर्वांत आधी हाती घेणारा ट्रान्झिस्टर खरोखर निकामी झाला असता, तर सेट बहिरा झाला असता. त्याला भावाचा आवाज क्षीण मिळाला असता आणि बाहेरची खरखरही क्षीणच मिळाली असती. आपल्या मीटरचा काटा मात्र सातवर उभा आहे. याचा अर्थ काहीतरी जोरकस त्या ट्रान्झिस्टरमधून वाढून पुढे येत आहे, म्हणजेच तो आपले काम करीत आहे. दुसरी खूण दिवाळीची आहे. सेटमधला भाग सणवार पाहून बिघडत नाही. त्या सुमारास घरात किंवा शेजारी काही नवे उपकरण आले असावे, अशी शंका मला अधिक येते.

मुळात एएम पद्धतीच्या सेटमध्ये थोडी सळसळ असणे हा दोष नव्हे. समोरून कोणी बोलत नसते तेव्हा सेटमधली आपोआप चालणारी नियंत्रण-व्यवस्था वर्धन पूर्ण वाढवून ठेवते, त्यामुळे ॲन्टेनावर जे काही पडेल ते मोठे होऊन ऐकू येते. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास तर माणसाची वस्ती, वीज, यंत्रे यांपासून कितीही दूर गेले तरी एक मऊ सळसळ उरतेच, आणि तिचा मोठा भाग आपल्या आकाशगंगेतून येत असतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की यांना समुद्रापार जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनच्या खरखरीचे मूळ शोधण्याचे काम दिले होते, २०.५ मेगाहर्ट्झवर फिरता ॲन्टेना लावून त्यांनी महिनोन्‌महिने नोंदी केल्या आणि १९३३ साली जाहीर केले की त्यातली एक सळसळ आकाशगंगेच्या दिशेने येते. रेडिओ-खगोलशास्त्राची सुरुवात अशी खरखरीच्या शोधातून झाली. आपली खरखर मात्र इतक्या दूरची नाही. ती आपल्या घरापासून फार तर दोनचारशे मीटरवरची असेल.

पहिली चाचणी अशी करावी. सेट चालू ठेवून, स्क्वेल्च पूर्ण उघडून, मागच्या बाजूची ॲन्टेनाची केबल फिरवून काढावी. खरखर एकदम बसली आणि काटा खाली आला, तर ती ॲन्टेनावाटे बाहेरून येत आहे आणि सेट निर्दोष आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती सेटमध्ये तयार होत आहे किंवा विजेच्या तारेतून शिरत आहे. केबल काढलेली असताना माइकचे बटण चुकूनही दाबू नये, कारण ॲन्टेनाशिवाय प्रक्षेपण केल्यास शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. ५० ओहमचा डमी लोड (ॲन्टेनाऐवजी लावायचा रोध) मिळाला तर तो केबलच्या जागी लावून हीच चाचणी अधिक नेमकी होते. डमी लोडवरची सळसळ आणि ॲन्टेनावरची सळसळ यांची तुलना करावी. ॲन्टेना लावल्यावर ती वाढत असेल, तर सेटची संवेदनशीलता त्या जागेसाठी पुरेशी आहे, आणि तिथे आणखी संवेदनशील सेट आणला तरी एक शब्दही जास्त ऐकू येणार नाही.

आपल्याकडे दोन सेट आहेत, ही मोठी सोय आहे. घरचा सेट आखाड्यावर न्यावा आणि आखाड्यावरचा घरी आणावा. खरखर सेटबरोबर आखाड्यावर गेली तर दोष सेटचा. ती घरीच राहिली तर दोष जागेचा. एवढ्या अदलाबदलीने जे कळते ते पुष्कळदा यंत्रे लावूनही कळत नाही, आणि तरीही ही साधी गोष्ट करून पाहिल्याशिवाय लोक सेट उघडायला देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जुन्या सेटच्या आतले गाभे ठिसूळ असतात, भाग मिळत नाहीत, आणि चांगला सेट निष्कारण उघडल्यामुळेच बिघडल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात बरीच आहेत.

यानंतर विजेची चाचणी करावी. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आपल्याकडे असेलच. त्याची १२ व्होल्टची बॅटरी या कामाला उत्तम आहे. अडॅप्टर बाजूला ठेवून, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घालून सेट त्या बॅटरीवर चालवावा. लाल तार धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लागली आहे याची दोनदा खात्री करावी, कारण उलटी जोडणी झाल्यास फ्यूज आणि आतला संरक्षक डायोड जाऊ शकतात. ऐकण्यापुरती अशा सेटला अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर वीज पुरते, तेव्हा अर्ध्या तासाच्या चाचणीत बॅटरी उतरण्याची भीती नाही. नुसत्या बॅटरीवर खरखर गेली तर गुन्हेगार अडॅप्टर आहे. ती राहिली, तर आता घराचा मेन स्विच बंद करावा आणि ऐकावे. घर अंधारात गेले आणि सेट शांत झाला, तर मूळ घरातच आहे. मग मेन स्विच चालू करून एकेक बटण लावत जावे आणि कोणत्या बटणाला काटा चढतो ते वहीत लिहून ठेवावे. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावर तो आपोआप सुरू होतो आणि स्वतःच खरखर करतो, म्हणून तोही बंद करायला विसरू नये.

एलईडीचे स्वस्त बल्ब आणि ट्यूब, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर आणि आपला १२ व्होल्टचा अडॅप्टर यांपैकी बहुतेकांच्या पोटात एकच रचना असते. पूर्वीचा जड ट्रान्सफॉर्मर काढून त्याऐवजी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवे ते व्होल्टेज मिळवले जाते. समजा हे तोडणे सेकंदाला एक लाख वेळा होत आहे, तर त्या १०० किलोहर्ट्झच्या पटीतल्या लहरी तारेवर उमटतात आणि २७० वी पट थेट आपल्या पट्ट्यात, २७ मेगाहर्ट्झवर येते. चांगल्या उपकरणात या लहरी अडवणारी गाळणी असते. स्वस्त मालात ती बसवलेलीच नसते. घरातली वायरिंग मग ॲन्टेनासारखी वागते आणि ही घाण सगळीकडे पसरवते. दिवाळीत आपण नवे बल्ब किंवा दिव्यांच्या माळा लावल्या असतील, तर शोध तिथूनच सुरू करावा.

मेन स्विच बंद करूनही खरखर हटली नाही, तर ती शेजारून किंवा शिवारातून येत आहे. इथे मराठवाड्यातल्या वाचकाला एक फुकटची सोय आहे, ती म्हणजे लोडशेडिंग. गावठाणाची लाइट जाते त्या वेळी सेट बॅटरीवर लावून ऐकावे. शेतीची थ्री फेज जाते त्या वेळी पुन्हा ऐकावे. कोणत्या फीडरबरोबर खरखर जाते हे कळले की शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते. आवाजाची जात ओळखणेही शिकावे. उन्हाबरोबर सुरू होणारी, ढग आला की दबणारी आणि मावळतीला थांबणारी अखंड शिट्टीवजा खरखर ही सौर पंपाच्या कंट्रोलरची असते, कारण पॅनेलची वीज मोटारीसाठी बदलताना तोही तीच तोडजोड करतो आणि पॅनेलपासून बोअरपर्यंतच्या लांब तारा ती पसरवतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत वाढणारा आणि पाऊस पडला की नाहीसा होणारा भुर्रर्र असा आवाज ११ केव्ही लाइनवरच्या सैल क्लँपचा किंवा सैल नट-बोल्टचा असण्याचा संभव आहे. अशा वेळी खांबावर चढणे तर सोडाच, खांबाला हातोडीने ठोकून पाहण्याचाही मोह धरू नये. खांबाचा किंवा डीपीचा क्रमांक टिपून वीज कार्यालयात लेखी कळवावे.

ठरावीक लयीत, साधारण सेकंदाला एकदा येणारी टिक्-टिक् ही रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची असते. या टिक्-टिकीने मला एकदा चांगलेच शिकवले आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका स्नेह्यांचा सेट माझ्याकडे आला होता. मी त्यातले दोन कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचे फिरते बटण) साफ केला, माझ्या टेबलावर तो उत्तम चालला, आणि त्यांच्या घरी गेल्याबरोबर पुन्हा टिक्-टिक् सुरू झाली. असे तीनदा घडले. शेवटी मी स्वतः तिथे गेलो, तेव्हा शेजारच्या सोयाबीनच्या कुंपणाला वाढलेले ओले गवत चिकटून तिथे बारीक ठिणगी पडत असल्याचे दिसले. शेजाऱ्यांनी मशीन बंद करून विळ्याने गवत कापले आणि सेट शांत झाला. निरोगी कुंपण फारसा आवाज करीत नाही. ठिणगी पडू लागली की करते, आणि ठिणगी पडते तिथे झटक्याचा जोरही वाया जातो, तेव्हा ही गोष्ट शेजाऱ्याला सांगण्यात त्याचेही हित आहे.

उगम शोधायला खिशातला छोटा ट्रान्झिस्टर पुरतो. मध्यम लहरींवर, जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवून घरातून आणि गल्लीतून चालत जावे. खरखर वाढेल त्या बाजूला उगम असतो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची आडवी कांडी असते. सेट हळूहळू फिरवला असता ज्या दिशेला खरखर सर्वांत कमी होते, त्या वेळी कांडीचे टोक उगमाकडे रोखलेले असते. दोन वेगवेगळ्या जागांवरून अशी दिशा काढली की उगमाची जागा बरीच नेमकी कळते.

उपायांविषयी आता थोडक्यात. अडॅप्टर दोषी असेल तर ट्रान्सफॉर्मरवर चालणारा जुन्या धाटणीचा पुरवठा वापरावा किंवा सेट कायम बॅटरीवर ठेवून बोलणे नसेल तेव्हाच चार्जर लावावा. बल्ब दोषी असतील तर दुसऱ्या बनावटीचा एकच बल्ब आणून ट्रान्झिस्टरजवळ लावून पाहावा आणि तो शांत निघाला तरच बाकीचे आणावेत. छतावरून खाली येणाऱ्या केबलच्या बाहेरच्या जाळीवरही घरातली खरखर चढते. ॲन्टेनाच्या बुडाशी त्याच केबलचे १० ते १२ सेंटिमीटर व्यासाचे सहा-सात वेढे एकत्र बांधले, तर ती बरीचशी अडते. सेटवर ‘एनबी’ असे बटण असेल तर ते टिक्-टिक् आणि ठिणग्यांवर चांगले काम करते, कारण ते त्या क्षणापुरता सेट बंद करते. एलईडीच्या अखंड खरखरीपुढे त्याचा उपयोग नाही. आरएफ गेन (ॲन्टेनाकडून आलेला संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) कमी केल्याने कानाला आराम मिळतो, परंतु त्याने खरखर आणि आवाज दोन्ही सारखेच उतरतात.

भावाच्या सेटची शक्ती वाढवून खरखरीवर मात करावी, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मीटरचा एक अंक साधारण ६ डेसिबलचा धरतात. तीन अंकांनी वर यायचे तर १८ डेसिबल, म्हणजे सुमारे ६३ पट शक्ती लागेल. ४ वॉटच्या जागी अडीचशे वॉट! ते बेकायदा तर आहेच, शिवाय जे काम एक बल्ब बदलून होते त्यासाठी ते अवाजवीही आहे.

प्रश्न : जीपमध्ये जुना सीबी सेट बसवला आहे. गाडी उभी असताना सेट शांत असतो. इंजिन सुरू केले की बारीक शिट्टी सुरू होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. गाडी डिझेलची आहे. प्लग बदलावेत असे एकाने सुचवले.
— वाचक, अंबड तालुका, जि. जालना

उत्तर : डिझेल इंजिनला ठिणगीचे प्लग नसतात, तेव्हा तो सल्ला आपल्या गाडीला लागू होत नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी फट्-फट् अशी खरखर इग्निशनची असते आणि तिथे रेझिस्टरचे प्लग व रोधक केबल वापरल्याने ती कमी होते. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी अखंड शिट्टी ही ऑल्टरनेटरची खूण आहे. ॲन्टेनाची केबल काढून पाहावी; शिट्टी तशीच राहिली, तर ती पुरवठ्याच्या तारेतून येत आहे.

अशा गाड्यांत सेटची तार बहुतेक वेळा डॅशबोर्डमधल्या जवळच्या वायरला जोडलेली आढळते आणि ऋण तार पत्र्यावर कुठेतरी स्क्रूखाली दाबलेली असते. दोन्ही तारा जाड घेऊन सरळ बॅटरीपर्यंत न्याव्यात आणि दोन्हींना बॅटरीजवळच फ्यूज घालावा. बॅटरी स्वतःच एक मोठी गाळणी असते. नुसत्या या बदलाने अनेक गाड्यांतली शिट्टी गेलेली मी पाहिली आहे. एवढ्याने न गेल्यास सेटच्या धन तारेवर चोक आणि कपॅसिटरचा तयार फिल्टर बसवावा, आणि ऑल्टरनेटरचे डायोड व घासलेले ब्रश तपासून घ्यावेत. शिट्टी नव्याने सुरू झाली असेल तर डायोडवर संशय आधी घ्यावा, कारण तसे असल्यास थोड्याच दिवसांत बॅटरीही नीट चार्ज होईनाशी होईल. केबल काढल्यावर आवाज गेला तर मात्र ॲन्टेनाचे बूड पाहावे; रंग आणि गंज खरवडून ते कोऱ्या पत्र्याला घट्ट लागले पाहिजे, आणि बॉनेट व सायलेन्सरचा पाइप चपट्या विणलेल्या तारेने चासीला जोडलेले असले तर आणखी बरे.

प्रश्न : आपल्या मागील सूचनेप्रमाणे ॲन्टेना काढून, बॅटरीवर सेट चालवून पाहिला. खरखर तसूभरही कमी होत नाही. दोनशे मीटरवरचा दुसरा सेटही अस्पष्ट ऐकू येतो. पूर्वीच्या मालकाने सेट उघडलेला दिसतो, कारण एका स्क्रूचे डोके घासलेले आहे. आता काय करावे?
— निवृत्त शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : आपण चाचण्या योग्य क्रमाने केल्या आहेत आणि आता दोष सेटच्या आत आहे असे म्हणता येते. आधी स्वस्त आणि निरुपद्रवी गोष्टी पाहाव्यात. व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना खर्र-खर्र आवाज येतो का? येत असेल तर पॉटच्या आतल्या पट्टीवर धूळ बसली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट पंधरा-वीस वेळा फिरवावा. माइकचे कनेक्टर, बाहेरच्या स्पीकरची खाच आणि पीए-सीबीचा (बोलणे भोंग्यावर की रेडिओवर हे ठरवणारा) स्विच यांच्यावरही वर्षानुवर्षांचा गंज असतो, आणि सेटवर बोटाने हलके ठोकल्यावर आवाज बदलत असेल तर कुठेतरी सोल्डर तडकले आहे. भिंगाखाली पाहिले असता तडकलेल्या टाक्याभोवती बारीक काळी कडी दिसते. जड भाग, म्हणजे पॉवर तारा, ॲन्टेनाचे सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर जिथे बसवलेले असतात, तिथले टाके आधी पाहावेत. जुन्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात. त्यांच्यामुळे गुरगुर येते, आवाज फाटतो किंवा नियंत्रण-व्यवस्था ढिली पडते. ते बदलणे फारसे खर्चाचे नसते, परंतु धन-ऋण टोके पाहूनच बसवावेत.

आपल्या सेटमध्ये खरखरीबरोबर बहिरेपणही आहे, ही बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या पत्रातल्या सेटच्या नेमकी उलट ही स्थिती आहे. केबल लावली-काढली तरी सळसळीत फरक नाही आणि जवळचा सेटही क्षीण, याचा अर्थ ॲन्टेनापासून आतपर्यंतची वाट तुटलेली आहे आणि आपण ऐकता ती पुढच्या टप्प्यांची स्वतःची सळसळ आहे. जवळपास वीज पडल्यावर किंवा शेजारी मोठ्या शक्तीचे प्रक्षेपण झाल्यावर असे होते. अनेक सेटमध्ये ॲन्टेनाच्या वाटेवर उलटसुलट जोडलेले दोन संरक्षक डायोड असतात. त्यांपैकी एक शॉर्ट झाला तर आलेला संकेत तिथेच जमिनीत जातो. डायोड साध्या मल्टिमीटरने तपासता येतात आणि ते स्वस्त असतात, म्हणून ट्रान्झिस्टरकडे वळण्याआधी ते पाहून घ्यावेत. ‘ट्रान्झिस्टर गेला आहे’ हे निदान आपल्या सेटच्या बाबतीत मात्र खरे ठरू शकते.

घासलेला स्क्रू मला काळजीचा वाटतो. आतल्या छोट्या धातूच्या डब्यांना वरून खाच असलेला रंगीत गाभा असतो, आणि आवाज वाढवण्याच्या आशेने पुष्कळ लोक तो फिरवतात. एएम सीबी सेटच्या एका प्रचलित रचनेत आलेला संकेत आधी १०.६९५ मेगाहर्ट्झवर आणि मग ४५५ किलोहर्ट्झवर उतरवला जातो. हे गाभे त्या वारंवारतांना जुळवलेले असतात आणि एक चतुर्थांश फेऱ्यानेही जुळणी जाते. ते पूर्ववत करायला सिग्नल जनरेटर, सेटची सर्किट-आकृती आणि गाभ्यात बसणारे प्लास्टिकचे टोक लागते. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने गाभा फुटतो आणि फुटलेला गाभा मग फिरतही नाही. ही साधने असलेला, पूर्वी अशा सेटची जुळणी केलेला माणूस मिळाला तरच ते काम द्यावे. सुस्थितीतला सेट १ मायक्रोव्होल्टच्या आतला संकेत समजेल असा ऐकवतो. दुरुस्तीनंतर जनरेटरवर तेवढे करून दाखवायला सांगावे आणि मगच पैसे द्यावेत. जुळणी आणि भाग यांचा मिळून खर्च चांगल्या वापरलेल्या सेटच्या किमतीला पोहोचत असेल, तर हा सेट भागांसाठी ठेवून दुसरा घेणे मी योग्य समजतो.

प्रश्न : काही दिवशी दुपारी सेटवर एकदम शिट्ट्या आणि अनोळखी भाषेतले बोलणे सुरू होते, तासाभराने जाते. हा बिघाड आहे का? आणि सेटचे चाळीसही चॅनेल वापरता येतात का?
— वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : हा बिघाड नाही. वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित पट्टा सूर्यप्रकाशाने दाट झाला की २७ मेगाहर्ट्झच्या लहरी त्यावरून परततात आणि हजारो किलोमीटरवरचे सेट इथे ऐकू येतात. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते आणि डाग वाढलेल्या वर्षांत हे वारंवार घडते. दोन दूरची केंद्रे किंचित वेगळ्या वारंवारतेवर असली की त्यांच्या फरकाची शिट्टी होते. त्या वेळी दुसऱ्या चॅनेलवर जावे किंवा स्क्वेल्च चढवावा. आत हात घालण्यासारखे काही नाही.

आपल्या देशात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्या प्रभावी शक्तीच्या उपकरणांना २००५ सालच्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. अमेरिकी पद्धतीच्या ४० चॅनेलच्या सेटमध्ये पहिला चॅनेल २६.९६५ वर, २७ वा २७.२७५ वर आणि २८ वा २७.२८५ मेगाहर्ट्झवर असतो. म्हणजे २८ पासून ४० पर्यंतचे चॅनेल या सुटीच्या बाहेर पडतात, तेव्हा त्यांवर बोलू नये. शक्ती आणि ॲन्टेना यांविषयीच्या अटी मूळ अधिसूचनेत वाचून मगच प्रक्षेपण करावे. ही सूट देताना नियमात असेही म्हटले आहे की इतरांना व्यत्यय आणायचा नाही आणि आपल्याला व्यत्यय आला तर संरक्षण मागता येणार नाही. खरखरीचा शोध आपला आपणच घ्यावा लागतो, तो यामुळेही.

प्रश्न : वैशाखात दुपारनंतर सेटवर अधूनमधून कडाड्-कर्र असे आवाज येतात, सायंकाळी वाढतात. फिल्टर लावून ते जातील का?
— वाचक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : कोणत्याही फिल्टरने ते जाणार नाहीत, कारण ते वळवाच्या विजांचे आहेत. आभाळ स्वच्छ दिसत असतानाही दूरची वीज सेटवर आधी ऐकू येते. दोन कडकडाटांमधले अंतर कमी होऊ लागले की वादळ जवळ येत आहे असे समजावे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असल्यास त्यातही पाहून घ्यावे. त्यानंतर सेट नुसता बंद करून चालत नाही. वादळ डोक्यावर येण्याच्या पुष्कळ आधी ॲन्टेनाची केबल सेटपासून काढून तिचे टोक खिडकीबाहेर सोडावे आणि अडॅप्टरही भिंतीतून उपसून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये, मग सेटचे काहीही होवो. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच केबल पुन्हा लावावी.